नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर रानफुलं बघायला पहिल्यांदा जाताय?

साल्हेरचा किल्ला नंतर कधीही करा, आधी अंजनेरी. गणपतीच्या आसपास जा. सोनकी, तेरडा न शोधताही दिसतील. फोटो काढण्यातच अर्धा दिवस जाईल (आमचाही गेला होता). मग गवताजवळ उकिडवे बसून कंदीलपुष्प शोधा. त्यातल्या एका जातीला अंजनेरीचंच नाव आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. कंदीलपुष्पाच्या नळीत आतून केस असतात. चिमुकली माशी आत शिरते, अडकते आणि केस सुकले की पराग घेऊन सुटते. फूल तोडलंत तर हा सगळा खटाटोप फुकट! कंद उकरू नका, नेमकी जागा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. ओल्या कातळावर शेवाळ असतं, बूट चांगले घाला. कारवी या झुडपाचा बहर सात-आठ वर्षांनी, तिची घाई नको.