शनीच्या फेऱ्या आणि अनादी जग

प्रश्न : जगाला आरंभ आहे, हे सहाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती पंडिताने शनी-गुरूच्या फेऱ्यांवरून दाखवले, असे व्याख्यानात ऐकले. पण अनंताची तिप्पट केली तरी अनंतच ना? मग त्याच्या म्हणण्यात उरले काय?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : हा पंडित म्हणजे अलेक्झांड्रियाचा जॉन फिलोपोनस. साडेसाती भोगलेल्यांना त्याचा हिशोब चटकन कळेल. शनी एका राशीत अडीच वर्षे, म्हणजे पूर्ण फेरी ३० वर्षांची. तेवढ्यात गुरूच्या अडीच, सूर्याच्या ३० आणि चंद्राच्या ३६० फेऱ्या होतात. (वर्षाला बारा महिने धरून, सुमारे २७ दिवसांचा नक्षत्रमास धरला तर चारशेच्या घरात जातील.) जग अनादी असेल तर शनीच्या फेऱ्या अनंत झाल्या. मग चंद्राच्या काय, अनंताच्या ३६० पट?

इथे तुमची शंका रास्त आहे. शनीच्या एकेका फेरीशी चंद्राची एकेक फेरी जोडत गेलो, तर कोणत्याच बाजूला काही उरत नाही. एकोणिसाव्या शतकात गणिती कॅन्टरने हे पक्के केले, तेव्हापासून पटींचा मुद्दा लंगडाच.

दुसरा मुद्दा मात्र चिवट आहे. अनंत गोष्टी एकामागून एक करत कधी पुऱ्या होत नाहीत, हा जग अनादी मानणाऱ्या ॲरिस्टॉटलचाच नियम. फिलोपोनस तोच त्याच्यावर उलटवतो : भूतकाळ तर पुरा झालाय, आज उजाडलाय! फिलोपोनसचा समकालीन विरोधक, ॲरिस्टॉटलचा भाष्यकार सिंप्लिकियस याचे उत्तर असे, की गेलेल्या फेऱ्या एकत्र कुठेच नाहीत. एक सरते तेव्हा दुसरी येते. आम्हाला हे अपुरे वाटते. एकत्र नसल्या तरी त्या होऊन गेल्यात, पुढच्या फेऱ्यांचे तसे नाही. पण फिलोपोनसही निसटता येईल अशी फट ठेवतो. ‘पार केले’ म्हणताना निघण्याची जागा गृहीत धरली जाते, आणि अनादी काळाला ती नसतेच. मागचे कुठलेही वर्ष घ्या, तिथून आजपर्यंतचे अंतर मोजकेच भरते.

गंमत म्हणजे फिलोपोनसचा ॲरिस्टॉटलविरोधी ग्रंथ हरवला. त्यातला हा हिशोब टिकला, तो सिंप्लिकियसने खोडून काढण्यासाठी उतरवून घेतला म्हणून.

प्रश्न : आरंभाआधी देव काय करत होता?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या ११व्या भागात हाच प्रश्न आहे. त्याच्या मते काळही निर्माण केलेलाच, त्यामुळे तिथे ‘आधी’ हा शब्दच लागू पडत नाही. खोदून विचारणाऱ्यांसाठी देव नरक तयार करत होता, हे कुणाचे तरी चेष्टेतले उत्तर तो सांगतो, पण स्वतः ते देत नाही.