कोकणात उतरणारा घाटरस्ता सुधारायचा तर पैसा कुठून आणावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी, मे महिन्यात आणि गणपतीत तासन्‌तास गाड्या खोळंबतात, या रस्त्यांच्या सुधारणेसाठी पैसा कसा उभारावा, आणि टोल लावला तर तो पुरेल का? मी चिपळूणचा आहे. रस्त्यांची कामे घेणाऱ्या ठेकेदारांचे हिशेब ठेवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे अभियंता या नात्याने नव्हे, तर हिशेबनीस म्हणून उत्तर देतो.

घाटातील सगळ्या कामांना एकाच थैलीतून पैसा मिळावा, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. दरड रोखणे, बोगदा खोदणे आणि सुट्टीची गर्दी आवरणे ही तीन वेगळी कामे आहेत, त्यांचा लाभ घेणारे लोक वेगळे आहेत, आणि म्हणून त्यांचा खर्चही वेगवेगळ्यांनी सोसला पाहिजे.

टोलचा हिशेब आधी करून पाहू. समजा, एखाद्या घाटातून वर्षाच्या सरासरीने रोज चार हजार वाहने जातात आणि प्रत्येकाकडून सरासरी ५० रुपये घेतले. दिवसाचे दोन लाख झाले, वर्षाचे सात कोटी तीस लाख. घाटाच्या रुंदीकरणाला, संरक्षक भिंतींसह, ३०० कोटी लागले आणि ते नऊ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याज २७ कोटी होते. मुद्दल दूरच राहिले, जमा झालेल्या टोलमधून व्याजाचा तिसरा हिस्साही भागत नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या घाटाचे खरे आकडे घालून पाहावेत. वाहनांची संख्या दुप्पट धरली तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही, कारण कोकणच्या बहुतेक घाटांत गर्दी मोजक्या दिवसांची असते आणि जुलैतल्या एखाद्या मंगळवारी दुपारी तोच रस्ता मोकळा असतो, मात्र व्याज मंगळवारीही चालू राहते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण येथे हमखास दिले जाते. तो रस्ता टोलवर उभा राहिला आणि टिकला हे खरे आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाने २००४ मध्ये त्याची टोलवसुली एका खासगी कंपनीकडून ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन तिच्याकडे दिली, आणि २०२० मध्ये पुढील दहा वर्षांसाठी हाच सौदा ८,२६२ कोटींना झाला. खंडाळ्याच्या घाटाला वळसा देणाऱ्या ‘मिसिंग लिंक’चा, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरच्या बोगदे आणि पुलांच्या कामाचा, हजारो कोटींचा खर्च पेलण्याची हिंमत महामंडळाला झाली ती याच वसुलीच्या भरवशावर. परंतु त्या रस्त्याच्या दोन टोकांना मुंबई आणि पुणे आहेत. कुंभार्ली घाटाच्या एका टोकाला कराड आहे आणि दुसऱ्या टोकाला आमचे चिपळूण.

टोलच्या भरवशावर खासगी ठेकेदाराला रस्ता दिला की काय होते, याचा अनुभव कोकणाला मुंबई-गोवा महामार्गावरच आला आहे. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीने दिला गेला. २०११ च्या सुमारास काम सुरू झाले. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातील परवानग्या आणि ठेकेदाराची आर्थिक ओढाताण यांत वर्षांमागून वर्षे गेली, आणि अखेर सरकारी पैशातून नव्याने ठेके द्यावे लागले. टोलवर बांधलेल्या रस्त्यात काम रखडले की टोल सुरू होत नाही, टोल सुरू झाला नाही की बँकेचे हप्ते थकतात, आणि हप्ते थकले की काम आणखी रखडते. डोंगरात भूगर्भाची अनिश्चितता यात भर घालते. खडक मिळेल असे धरून केलेल्या अंदाजपत्रकात माती आणि जांभा निघाला, तर संपूर्ण हिशेब पहिल्या पावसाळ्यातच कोलमडतो.

त्यामुळे दरड रोखण्याचे काम मी पूर्णपणे सरकारी तिजोरीवर टाकीन, आणि त्यात मला काही संकोच वाटत नाही. वर्षभर घाटातून जाणारी एसटी, रुग्णवाहिका, दुधाची गाडी आणि कोल्हापूरच्या दवाखान्याकडे निघालेला रुग्ण यांच्याकडून सुरक्षिततेची किंमत वसूल करणे योग्य नाही. यासाठी पैसा आहे, तो शोधावा मात्र लागतो. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, आणि आंबा, कुंभार्ली व करूळ हे घाट आज राष्ट्रीय महामार्गांवर आहेत, तर खर्च केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. राज्याचा रस्ता असेल तर केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधीतून प्रस्ताव करता येतो. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि पुढच्या वर्षी डिझेलवर लिटरमागे एक रुपया अधिभार बसला, २००० च्या कायद्याने त्या पैशाला कायमचा निधी मिळाला, म्हणजे आपण पेट्रोल भरतो तेव्हा या रस्त्यांसाठी एकदा पैसे दिलेलेच असतात. (२०१८ पासून याच निधीत रेल्वे, बंदरे आणि इतर पायाभूत सुविधाही वाटेकरी झाल्या आहेत, ही गोष्ट टोलच्या समर्थकांनी ध्यानात ठेवावी.) तिसरा मार्ग कमी वापरला जातो, तो आपत्ती सौम्यीकरणाचा. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्तीविषयक निधीचा पाचवा हिस्सा आपत्ती येण्यापूर्वीच्या कामांसाठी राखून ठेवला. उतार स्थिर करणे, जाळी मारणे, डोंगराच्या बाजूचे गटार आणि मोऱ्या मोठ्या करणे ही कामे त्यात चपखल बसतात.

या कामांत काटकसर कुठे होते, ते जवळून पाहिलेले असल्यामुळे सांगतो. रस्ता रुंद करताना डोंगर जितका तिरका कापावा तितकी वरच्या अंगाला जास्त जमीन लागते, आणि ती जमीन वनखात्याची किंवा सामाईक सातबाऱ्यावरच्या पंचवीस-तीस खातेदारांची असते. जमीन नको म्हणून कापणी उभी केली जाते. कागदावर भूसंपादनाचा खर्च वाचतो आणि पुढल्या आषाढात तीच कड रस्त्यावर येते. मग दरड उपसण्याचे देयक वेगळ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या खात्यातून, निघते, त्यामुळे मूळच्या बचतीशी त्याचा मेळ कोणी घालत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणजवळच्या परशुराम घाटात २०२२ च्या उन्हाळ्यात रोज दुपारी काही तास वाहतूक बंद ठेवून चौपदरीकरण उरकावे लागले होते, तेव्हा उभ्या कापलेल्या मातीच्या डोंगराखाली काम करणे म्हणजे काय असते, हे साऱ्या चिपळूणने पाहिले.

दुसरी अडचण तरतुदीची. चाळीस कोटींच्या कामाला प्रशासकीय मान्यता मिळते, अर्थसंकल्पात त्यासमोर एक-दोन कोटींची तरतूद दिसते आणि उरलेले पुरवणी मागण्यांवर सोडले जाते. ठेकेदार पहिले देयक सादर करतो, ते काही महिने अडकते, तो यंत्रे दुसऱ्या कामावर हलवतो, दरम्यान दरसूची बदलते आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव, ज्याला कचेरीत ‘सुप्रमा’ म्हणतात, तयार होतो. घाटात अर्धवट कापलेला डोंगर हा न कापलेल्या डोंगरापेक्षा जास्त धोक्याचा असतो, म्हणून पुरेशी रक्कम हाताशी आल्याखेरीज घाटाच्या कामाला हातच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारी पैसा एकरकमी नसेल तर मधला मार्ग ‘हायब्रिड ॲन्युइटी’चा. केंद्राने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या या पद्धतीत बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम सरकार देते, ६० टक्के ठेकेदार उभे करतो आणि ती त्याला पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी परत मिळते. वाहने कमी आली तर त्याचा तोटा होत नाही, कारण टोल सरकारचा असतो आणि हप्ता ठरलेला. देखभालही त्याच्याकडेच राहत असल्याने गटार कसे बांधायचे याचा विचार तो जरा अधिक करतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील काही टप्प्यांत मात्र हीसुद्धा पद्धत ठेकेदाराची पत कमी पडल्यामुळे अडखळली.

बोगद्याची गोष्ट वेगळी आहे आणि तेथे टोलला माझा विरोध नाही. बोगद्याने खरोखर वेळ आणि इंधन वाचते, जुना घाट शक्य तेथे पर्याय म्हणून उघडा ठेवता येतो, आणि पैसे द्यायचे की वळणे घ्यायची हे वाहनचालकाला ठरवता येते. पोलादपूर आणि खेड यांच्या दरम्यानच्या कशेडी बोगद्यांचा फरक चाकरमान्यांना २०२३ च्या गणपतीपासून कळू लागला. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत बोगदा किंवा मोठा पूल यांची लांबी दहापट धरून टोल काढतात. दोन किलोमीटरचा बोगदा असलेला दहा किलोमीटरचा घाट हिशेबात २८ किलोमीटरचा होतो. जुलै २०२५ मधील दुरुस्तीने याला कमाल मर्यादा घातली, की हा हिशेब संपूर्ण टप्प्याच्या पाचपटीपेक्षा जास्त होऊ नये, परंतु वरच्या उदाहरणात ती मर्यादा ५० वर जाते, म्हणजे लहान बोगद्याच्या घाटाला तिचा काही लाभ नाही. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाड्यांना साडेतीनशे रुपयांच्या आसपास मासिक पास मिळतो, हे बऱ्याच गावकऱ्यांना ठाऊक नसते.

आता गर्दीकडे येतो, कारण आपला मूळ प्रश्न तोच आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावर सुट्टीच्या दिवशी आपल्यासारखीच कोंडी होते. तेथे संपूर्ण रस्ता रुंद करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे २१ किलोमीटर अंतरात साइडपट्टीचीच एक मार्गिका करून ती फक्त गर्दीच्या दिवशी उघडण्यात येऊ लागली. गर्दी वाढली की तिचा टोल वाढतो, आणि शेजारच्या मार्गिका पूर्वीसारख्या विनामूल्य राहतात. आपल्याकडे नेमके उलटे आहे : वर्षातली सर्वांत मोठी गर्दी गणेशोत्सवात होते आणि त्याच काळात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पास देऊन टोल माफ केला जातो. गणपतीला गावी निघालेल्या माणसाकडून जादा पैसे मागणारा लोकप्रतिनिधी मला तरी या जन्मी दिसणार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटणार नाही. पण पावसाळ्यातल्या शनिवारी आंबोलीच्या धबधब्यासाठी येणाऱ्या गाडीला तीच सवलत का असावी? फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. वार आणि वेळ पाहून दर बदलणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही, नियमांत तशी सोय करावी लागेल एवढेच. कोलोरॅडोची जादा मार्गिका मात्र उचलून येथे आणता येणार नाही, कारण आपल्या घाटांत साइडपट्टीच्या जागी एकीकडे गटार आणि दुसरीकडे कठडा असतो.

शिवाय घाटातली निम्मी कोंडी मला तरी रस्ता अरुंद असल्याची वाटत नाही. चढावर एखादा ट्रक बंद पडतो, मागच्या गाड्या धीर न धरता दुसरी, मग तिसरी रांग करतात, आणि समोरून येणारी एसटी वळणातच अडकते. घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर हंगामात एकेक हायड्रा क्रेन व चार पोलीस कायम ठेवायला जिल्हा नियोजनाचा पैसाही पुरेल. त्यासाठी तीनशे कोटी लागत नाहीत.

अवजड वाहनांचा हिस्सा वेगळा काढावा लागेल. रस्त्याची झीज धुरेवरील (ॲक्सलवरील) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे गर्दी मोटारी करतात आणि रस्ता ट्रक फोडतात. बंदरांकडे आणि खाणींकडून जाणाऱ्या मालाच्या बाबतीत खाणवाल्यांच्या पैशातून उभा राहणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, ज्यातील काही भाग रस्त्यांवर खर्च करण्याची मुभा आहे. काही ट्रक रस्त्यावरून उतरवताही येतात. कोकण रेल्वेची मालट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून कोलाडहून चालू आहे.

कोकण रेल्वेचा उल्लेख आला आहे तर पैशाच्या दृष्टीने तिचा धडा सर्वांत मोठा आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या त्या महामंडळात रेल्वेचे भांडवल ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळचे सहा-सहा टक्के होते; बराचसा उरलेला पैसा करमुक्त रोख्यांतून उभा केला गेला. मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला, आणि परतफेडीसाठी प्रवासी भाड्यात या मार्गाचे अंतर ४० टक्के वाढवून धरण्यात आले. रोहा ओलांडल्यावर आपण तिकिटामागे एक प्रकारचा टोलच देत आलो आहोत, फक्त त्याला नाका नाही. इतके करूनही रोख्यांच्या व्याजाने महामंडळ वाकले आणि दुपदरीकरणाला पैसा उरला नाही. रोहा ते वीर एवढाच टप्पा २०२१ मध्ये दुपदरी झाला.

आपण ज्या घाटाबद्दल विचारत आहात त्याची स्थिती जाणून घ्यायची असेल, तर माहितीच्या अधिकारात संबंधित विभागीय कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा : कामाची शेवटची सुप्रमा किती रकमेची आणि कोणत्या तारखेची आहे, चालू वर्षात त्या लेखाशीर्षाखाली प्रत्यक्ष किती रक्कम वितरित झाली, आणि ठेकेदाराची किती देयके प्रलंबित आहेत. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला, तर येत्या दिवाळीनंतर तेथे यंत्रे दिसतील अशी आशा धरू नये.