नागपूरहून अंदमानला जात आहोत. पायात स्टोनफिशचा काटा घुसल्यास बर्फ लावावा का?

नाही, बर्फ लावू नये. पाय साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या, सोसवेल इतक्याच गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा आणि त्याच वेळी रुग्णालयात जाण्याची व्यवस्था करावी. नागपुरात प्राणिशास्त्र शिकवताना मी याचे कारण आवर्जून सांगतो: या माशाच्या पाठीवर बहुधा १३ काटे असतात, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना विषग्रंथी असतात, काट्यावर दाब पडताच त्यांतील विष जखमेत उतरते, आणि हे विष प्रथिनयुक्त असल्याने उष्णतेने त्याचा प्रभाव ओसरून वेदना कमी होऊ शकतात. मात्र गरम पाणी हा केवळ प्रथमोपचार आहे. जखमेत काट्याचा तुकडा राहू शकतो, धनुर्वाताची लस लागू शकते, आणि श्वास घेण्यास त्रास होत असेल किंवा भोवळ येत असेल तर पाण्यात पाय ठेवून बसण्यात वेळ मुळीच घालवू नये. पाण्याची ऊब दुसऱ्या, न दुखावलेल्या पायाने आधी तपासावी, कारण तीव्र वेदनेत पोळल्याचे कळत नाही. प्रवाळ आणि खडकांजवळच्या उथळ पाण्यात हा मासा हुबेहूब दगडासारखा निश्चल पडून असतो, म्हणून तेथे जाड तळव्यांचे बूट घालावेत. पातळ चपलेतून काटा सहज आरपार जातो.