१९९२ ला बास्केटबॉलमध्ये अमेरिकेच्या ड्रीम टीमकडून ६८ पॉइंटनी हरणारी अँगोलाची टीम ऑलिम्पिकला पोचलीच कशी?

खरं तर मी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. पण प्रश्नाखाली तुम्ही जी ओळ जोडलीय ना, "आपल्यासारखीच बुटकी टीम, मार खायलाच गेलेली, उंची नसेल तर या खेळात पडूच नये", ती वाचून राहवलं नाही.

पोचली कशी, तर आफ्रिकेची चॅम्पियन म्हणून पोचली. १९८९ मध्ये पहिल्यांदा आफ्रिका जिंकले आणि २०१३ पर्यंत ११ वेळा जिंकले. इजिप्त आणि सेनेगल, जे आफ्रिकेतले जुने दादा, ते ५-५ वर अडकलेत. १९९२ ते २००८ सलग पाच ऑलिम्पिक खेळलेत हे लोक. बार्सिलोनात ड्रीम टीमने, म्हणजे एनबीए या अमेरिकेच्या प्रो लीगमधल्या स्टार्सच्या टीमने, ११६-४८ धुतलं हे सगळ्या जगाला पाठ आहे, मध्ये एका टप्प्यात अमेरिकेने ४६ पॉइंट केले आणि अँगोलाने एक, आणि तो एक पॉइंटसुद्धा अमेरिकेच्या बार्कलीने अँगोलाच्या हर्लांडर कोइंब्राला कोपर मारलं म्हणून मिळालेल्या फ्री थ्रोचा. ठीक आहे. पण पाच दिवसांनी, ३१ जुलैला, याच टीमने यजमान स्पेनला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ८३-६३ हरवलं, वीस पॉइंटनी, आणि स्पेन क्वार्टर फायनलच्या बाहेर! हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. जर्मनीशी फक्त एका पॉइंटने हरले. आणि ड्रीम टीमने सिल्व्हर मेडलवाल्या क्रोएशियाला पण तीस-तीस पॉइंटनी धुतलं होतं, म्हणून क्रोएशिया मार खायलाच आला होता असं कोणी म्हणतं का?

आता हे मला का झोंबलं ते सांगतो. त्या वर्षी मी नागपुरात एका ग्राउंडवर खेळायचो. आमचे सर सीझनच्या सुरुवातीला भिंतीवर खडूने रेघ मारायचे, जो रेघेच्या वर तो ए टीम, बाकीचे बी टीम. बॉल हातात देऊन बघणं वगैरे नंतर. मी अर्थातच रेघेच्या खाली. ऑलिम्पिकमधली ती मॅच झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ए टीमवाले आम्हाला अँगोला म्हणायला लागले. ए अँगोला, बॉल आण. ए अँगोला, लाइन आख. सर हसायचे. मग आठवड्याभरात पेपरात खाली कोपऱ्यात स्पेनची बातमी आली, आमच्यातल्या एकाने ती कापून ग्राउंडच्या बोर्डावर चिकटवली, संध्याकाळपर्यंत कोणीतरी फाडून टाकली. त्याच आठवड्यात सरांनी ए विरुद्ध बी लावली, आम्ही आधीच ठरवून फुल कोर्ट प्रेस केला, म्हणजे त्यांच्याच बास्केटपासून चिकटून अडवलं, त्या लंबूंना बॉल अर्ध्या कोर्टाच्या पुढे आणता येईना, आम्ही हिसकायचो आणि पळायचो, हिसकायचो आणि पळायचो, दहा-बारा पॉइंटनी पुढे गेलो तेव्हा सरांनी शिट्टी मारून मॅचच थांबवली. म्हणाले, हा बास्केटबॉल नाही, ही नुसती पळापळ आहे. टीम जाहीर झाली तीच जी रेघेवरून ठरलेली होती. मला म्हणाले दोन इंच वाढ, मग बघू. मी काही वाढलो नाही.

तर ती "पळापळ"च अँगोला खेळत होता हो! त्यांच्याकडे बास्केटखाली उभे राहणारे सात फुटी सेंटर नव्हतेच. जाँ-जाक कोन्सेसाओ, त्यांचा सगळ्यात मोठा प्लेअर, आतल्या जागेवर खेळायचा आणि उंची साडेसहा फुटांच्या जरा वर, म्हणजे त्या लेव्हलला लहानच. कोच व्हिक्टोरिनो कुन्हा यांनी वर्षानुवर्षं तीच पोरं एकत्र ठेवली, दमवणारा डिफेन्स, बाहेरून शूटिंग, वेग. आणि हे सगळं देशात युद्ध चालू असताना. १९७५ ला पोर्तुगीज गेले आणि लगेच यादवी सुरू झाली ती २००२ पर्यंत. प्रिमेरो दे अगोस्तो हा त्यांचा मोठा क्लब म्हणजे सैन्याचा क्लब, दुसरा पेत्रो, तो तेलाच्या पैशावरचा. बहुतेक प्लेअर घरच्याच लीगमधले, वर्षभर एकमेकांसमोर खेळणारे, त्यामुळे नॅशनल टीमला ओळख करून घ्यायला वेळ लागत नसे. माझ्या मते खरं कारण हे.

२००६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये जर्मनीशी तीन ओव्हरटाइम खेळले, जर्मनीच्या नोविट्स्कीने एकट्याने ४७ मारले तेव्हा कुठे जर्मनी १०८-१०३ जिंकली. २०१० ला त्याच जर्मनीला ओव्हरटाइममध्ये हरवून हिशोब चुकता केला. नंतर मात्र घसरले. ट्युनिशिया आणि नायजेरिया पुढे गेले, नायजेरियाकडे तर अमेरिकेत वाढलेल्या पोरांची रांगच. २०१३ नंतर बारा वर्षं काही नाही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये लुआंडात, घरच्या कोर्टवर, फायनलला मालीला ७०-४३ असं चिरडलं आणि आफ्रिकेचं बारावं टायटल. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू कोण? शिल्दे दुंदाओ, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ रचणारा, उंची साडेपाच फुटांच्या आसपास!! आमच्या भिंतीवरच्या रेघेच्या चांगला खाली. मी त्याचा फोटो जुन्या ग्राउंडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, सर पण आहेत त्यात. सरांचं उत्तर आलं, "अपवाद आहे." बारा टायटलं म्हणजे अपवाद!

म्हणून सांगतो, मुलगा किंवा मुलगी खेळत असेल आणि कोच पहिल्या दिवशी बॉलच्या आधी टेप काढत असेल तर ग्राउंड बदला. सरळ बदला, वाद घालत बसू नका.

बाकी उंचीने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही हां, २०१० ला अमेरिकेने यांना परत १२१-६६ धुतलंच, आणि एनबीएत पोचलेला पहिला अँगोलन ब्रुनो फर्नांडो साडेसहा फुटांच्या चांगला वर आहे. आणि तेल आणि सरकारचा पैसा मागे होता तो वेगळाच, तो आपल्याकडे कुठून आणायचा ते मला विचारू नका.