गुरुजींची बंदिश आणि अडलेले तिसरे प्रकरण

‘गाता येते, पण लिहिता येत नाही’ ही संगीतात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची तक्रार मी ग्वाल्हेरमध्ये इतक्यांदा ऐकली आहे की, तिच्यावर आता लगेच विश्वास ठेवत नाही. इथल्या लष्कर या भागातल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून येथे मांडत आहे.

तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीला तीन वर्षे झाली होती. ख्याल गायनातील ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्यापासून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेण्यापर्यंतचा, तसेच १९१८ साली येथे निघालेल्या माधव संगीत महाविद्यालयाचा इतिहास सांगणारी दोन प्रकरणे लिहून झाली होती. बंदिशींच्या विश्लेषणाचे तिसरे प्रकरण मात्र आठ महिने एका ओळीनेही पुढे सरकले नव्हते. तिला रात्री झोप लागत नव्हती आणि तंबोराही गवसणीतच होता. आईला वाटे की मुलगी आळसावली आहे. मीही प्रथम तिला लेखनाचे वेळापत्रक करून दिले. ती माझी चूक होती, कारण अडचण वेळेची नव्हतीच.

तिसऱ्या भेटीत ती हळूहळू बोलू लागली. गुरुजींनी शिकवलेली हमीर रागातली एक विलंबित बंदिश, बंदिशी गोळा करून छापणारे संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत तिला सापडली होती, पण तिथे अंतऱ्याचे शब्द थोडे निराळे होते आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागाही वेगळी होती. “छापलेलं बरोबर म्हटलं तर गुरुजी चुकले असं होतं, आणि गुरुजी बरोबर म्हटलं तर माझ्याकडे पुरावा नाही. मी काय लिहू, ताई?” बारा वर्षे ज्यांच्यासमोर बसून शिकली, त्यांच्याविषयी असे काही कागदावर उतरवणे तिला गुरुद्रोहासारखे वाटत होते. लेखणी अडली होती ती येथे.

संगीतातला निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण पंडित भातखंड्यांनीही बंदिशी गायकांच्या तोंडून ऐकूनच लिहून घेतल्या, म्हणजे छापील पाठ हीसुद्धा कोणाची तरी साक्षच आहे, एवढे मी तिला सांगितले. गुरुजींना विचारलेस का, असे म्हटल्यावर ती गप्प झाली. पुढचे दोन आठवडे आम्ही केवळ त्या प्रश्नाची शब्दयोजना करण्यात घालवले, आणि शिष्याला गुरूपुढे प्रश्न मांडणे किती जड जाते हे ठाऊक असलेल्या वाचकांना त्यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. शेवटी तिने “हे वेगळं का?” असे न विचारता “आपल्याकडे हे कसं आलं?” असे विचारले. गुरुजी म्हणाले, “मला दोन प्रकारांनी मिळाली होती, तुला पेलेल ती एक दिली.” दुसरा प्रकारही त्यांनी त्याच दिवशी गाऊन दाखवला आणि ध्वनिमुद्रण करू दिले.

त्यानंतर छापील पाठ आणि गुरुमुखातून आलेले दोन्ही पाठ तिने भातखंडे स्वरलिपीत शेजारी शेजारी मांडले व प्रत्येक ध्वनिमुद्रणाची तारीख आणि ठिकाण नोंदवले. समग्र घराण्याचा विषय सोडून एका परंपरेतील पाच रागांच्या बंदिशी एवढीच मर्यादा घातली. शीर्षक बदलायला समितीची मंजुरी मिळेपर्यंत दोन महिने गेले. छापील बंदिशी उतरवल्यामुळे वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या साम्य-तपासणीत प्रबंध अडकेल, ही भीती तुलनेने लवकर मिटली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे त्यात धरली जात नाहीत.

तिसरे प्रकरण मार्गदर्शकांकडे गेले आहे. चौथ्यात ती बेहलाव्यापाशी, म्हणजे रागाच्या संथ, मिंडयुक्त विस्तारापाशी, थांबली आहे, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी ती आस स्वरलिपीच्या खुणांत मावत नाही. म्हणून प्रबंधासोबत ध्वनिमुद्रण जोडू द्यावे, असा अर्ज तिने या वेळी मला न विचारताच केला आहे.