बुडवून केलेली मेणबत्ती जाड का होत नाही?

प्रश्न: सुट्टीत मुलांसोबत सुती दोरा वितळलेल्या मेणात बुडवून मेणबत्त्या करायला घेतल्या, 15-20 वेळा बुडवलं तरी जाडी आपली काडीएवढीच! काय चुकतंय?

उत्तर: मेण फार गरम असणार, नाहीतर मुलं दोरा आतच धरून ठेवत असतील (माझी तर हमखास), मग आधीचा थर वितळून परत डब्यात जातो. पॅराफिनचा (म्हणजे मेणबत्तीच्या मेणाचा) उंच डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, थेट गॅसवर अजिबात नको, आणि मेण 70 अंशांच्या आसपास आलं की गॅस बंद, मगच मुलांना बोलवा. पटकन बुडवायचं, लगेच वर, दोनेक मिनिटं गार होऊ द्यायचं की पुढचा थर. दोऱ्याच्या खालच्या टोकाला लोखंडी नट बांधा, नाहीतर दोरा वर तरंगतो आणि मेणबत्ती वाकडी होते. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका हं, पाइप तुंबतो.