तीन लाखांचा खांब, बारा लाखांची पॉलिसी

डॉक्टर, लातूरच्या तुमच्या पॅथॉलॉजी लॅबमधली यंत्रं आज नवी घ्यायची तर 28 लाख लागतील. मे महिन्यात वळवाच्या पावसात शेजारच्या इमारतीवर वीज पडली आणि तुमच्या अ‍ॅनालायझरचा (नमुने तपासणाऱ्या यंत्राचा) सर्किट बोर्ड जळला. आता ‘100 मीटरचं कवच’ देणारा लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे गच्चीवर लावायचा वीज झेलणारा खांब, 3 लाखांना मिळतोय, त्यासाठी एफडी मोडू का, असं विचारता.

मोडू नका. वीज शेजारी पडली, तुमच्या गच्चीवर नाही. बोर्ड जळला तो वायरीतून आलेल्या झटक्याने. गच्चीवरचा खांब इमारत वाचवतो, हा झटका अडवत नाही. शिवाय आयएस/आयईसी 62305 हे वीजसंरक्षणाचं मानक खांबाची खरी मापं धरतं, विक्रेत्याच्या माहितीपत्रकातली त्रिज्या नव्हे.

मला खटकली ती तुमची शेवटची ओळ: ‘तशी बँकेने कर्जासोबत दिलेली 12 लाखांची अग्निविमा पॉलिसी आहे, त्यात वीज येते.’ येते, पहिल्या पानावर. मागचे अपवाद वाचलेत? जादा विद्युतदाब, शॉर्टसर्किट यांनी विजेचं उपकरण बिघडलं तर त्या उपकरणाची भरपाई नाही, आणि कारणांत आकाशातली वीजही धरलेली असते. म्हणजे वीज पडून आग लागली तर पैसे. नुसता बोर्ड जळला तर हात हलवत परत. आगीतही गंमत आहे. 12 लाख हा घसारा वजा केलेला आकडा. 28 च्या मालाला 12 चा विमा, म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात: 4 लाखांचं यंत्र खाक झालं तर हाती पावणेदोन लाखांच्या आसपास. बँकेने स्वतःचं कर्ज झाकलं, तुमची लॅब नाही.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विमा घ्या, नव्या किमतीवर, पूर्ण 28 चा. त्यात एएमसी (यंत्रांच्या वार्षिक देखभालीचा करार) चालू असण्याची अट बहुतेकदा असते, आणि ‘खर्च वाचवायला’ तुम्ही एएमसीच बंद केलीत! आधी ती सुरू करा.

मग चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा. मेन बोर्डवर एसपीडी (वायरीतून येणारा झटका अडवणारं उपकरण), अ‍ॅनालायझरपाशी आणखी एक, लॅन आणि सोलरच्या वायरींना वेगळे. यूपीएस आहे म्हणून हे टाळू नका. यंत्रासाठी सुटा खड्डा खणून केलेलं अर्थिंग इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्या. दोन्ही सुटी राहिली तर वीज पडताना त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक यंत्रावरच येतो. हे सगळं 3 लाखांच्या जवळपासही जात नाही.

राहिली एफडी. पगार, भाडं, हप्ता मिळून महिन्याला लाखभर जातात, म्हणजे ती तीन महिन्यांची शिदोरी. मे महिन्यात लॅब अकरा दिवस बंद होती, तेव्हा या एफडीवरच ओव्हरड्राफ्ट काढला होतात.